२०१७ चा अंडर-१७ फुटबॉल वर्ल्ड कप भारतात भरवून काय मिळालं? तिन्ही मॅच तर हरलो!

हरलो हे खरंय. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण त्या मधल्या मॅचमधला आपला एक गोल तुम्ही लाइव्ह बघितलाय का? मला तरी वाटतं बघितला नसावा, नाहीतर प्रश्न अशा सुरात आला नसता.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की कुठल्या पेठेचं हे आधी ठरतं आणि मग पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी या फुटबॉल टीमांतली आपली कुठली ते आपोआप ठरतं. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट लागतात. पण २०१७ ला पहिल्यांदा असं झालं की वर्ल्ड कप खेळणाऱ्या टीममध्ये आपल्या गावचा पोरगा होता, अनिकेत जाधव. फॉरवर्ड. त्यामुळं ती स्पर्धा आमच्यासाठी घरचं कार्य होतं, ब्राझील-अर्जेंटिनावाले सगळे महिनाभर एक झाले होते.

९ ऑक्टोबर, सोमवार, रात्री आठची कोलंबियाची मॅच, दिल्लीत. दिवाळी दहा दिवसांवर. आम्ही गल्लीत तालमीसमोर पडदा लावलेला, मंडपवाल्याकडनं प्रोजेक्टर आणलेला, वारा आला की पडदा हलायचा आणि बॉल नक्की कुठं गेला ते कळायचं नाही. ताई माहेरी आलेली, सोबत दाजी. दाजी क्रिकेटवाले. आल्या आल्या म्हणले, "पावणं, यजमान म्हणून फुकट एंट्री मिळालीय यांना, किती खाणार आज, पाच का सहा?" मी गप्प बसलो कारण ताई समोर होती. पण फर्स्ट हाफ संपता संपता आपल्या राहुलचा शॉट पोस्टला लागला तेव्हा अख्खी गल्ली उठली, दाजी पण उठले, हे मी स्वतः बघितलंय, त्यांनी आता कितीही नाकारू दे. गोलकीपर धीरजनं तर काय काय अडवलं त्या दिवशी. सेकंड हाफला कोलंबियाच्या पेन्यालोझानं गोल मारला, ०-१, तरी पोरं खाली बसली नाहीत. मग ८२ व्या मिनिटाला कॉर्नर. संजीव स्टॅलिननं बॉल टाकला आणि मणिपूरचा जॅक्सन सिंग गर्दीतनं असा वर उठला की बॉल डोक्याला लागायच्या आधीच माझ्या शेजारचे म्हातारे काका, जे स्वतः कधीकाळी शाहू स्टेडियमवर गोलकीपर होते, ते "गेला!" म्हणून ओरडले. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये भारतानं मारलेला पहिला गोल. काका रडत होते. फटाके दिवाळीसाठी आणलेले, ते तिथंच उडवले.

आणि पुढच्या मिनिटाला परत पेन्यालोझा. १-२. आपली पोरं अजून आनंदातनं बाहेर आली नव्हती, कोलंबियानं सेंटर केलं आणि थेट घुसले. सोळा-सतरा वर्षांची पोरं हो ती, कॅप्टन अमरजीतची आई इंफाळला मासे विकायची, त्यांच्याकडनं एवढी अपेक्षा करायची आणि परत "काय मिळालं" विचारायचं हे मला पटत नाही. दाजी म्हणले, "बघ, शेवटी हरलेच." हेच वाक्य मला गेली कित्येक वर्षं डाचतंय.

कारण माझं आणि दाजींचं मूळ भांडण वेगळंच आहे. माझा भाचा गोलकीपर होता, हात असे की बॉल चिकटायचा. दाजींनी नववीत खेळ बंद करून क्लास लावला. "फुटबॉल खेळून पोट भरतं का?" आता बघा, त्याच २०१७ च्या बॅचमधले जॅक्सन, सुरेश, अन्वर अली सीनियर टीममधनं खेळले, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगच्या क्लबांशी करार झाले. पोट भरलं की नाही?

बरं, तुमच्या प्रश्नावर येतो. स्टेडियम आणि प्रॅक्टिस ग्राउंड सुधारली. १३ लाखांच्या वर लोक मॅचला आले, त्या वयोगटाच्या वर्ल्ड कपचा तो रेकॉर्ड झाला. फायनल कोलकात्यात, इंग्लंडनं ०-२ वरनं स्पेनला ५-२ हरवलं आणि त्यात फिल फोडेनचे दोन, तो पुढं मँचेस्टर सिटी आणि इंग्लंडच्या सीनियर टीमपर्यंत पोचला. स्पर्धा संपल्यावर आपली पोरं विखरू नयेत म्हणून इंडियन ॲरोज नावाच्या टीममधनं आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये उतरवली, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पण २०२२ ला ती टीमच बंद केली. का, तर माझं स्पष्ट मत आहे की आपल्याला स्पर्धा भरवायला आवडतं, दहा वर्षं एका बॅचच्या मागं लागायला नाही. फायदा झाला नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे विचारावं.

आता सगळीच पोरं जॅक्सन होत नाहीत हे मलाही कळतं, शंभरातले नव्व्याण्णव नोकरीच करणार, त्यामुळं दहावी-बारावी सोडून खेळा असं मी म्हणत नाही. आमच्या पेठांच्या मॅचला मारामाऱ्या होतात तेही चूकच आहे. पण तुमचं पोरगं आठवी-नववीत असेल आणि संध्याकाळी ग्राउंडवर जात असेल तर क्लास सकाळचा लावा, एवढं करता येतं. दाजींनाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं, सकाळची बॅच होती, फी पण तेवढीच होती.