मेंदूच्या ऊर्जेवर काम करायचंय, पण कुठल्या दारातून?

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आजार आहे, लिथियम चालू आहे. मानसिक आजार म्हणजे मुळात मेंदूतल्या मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा) बिघाड आणि कीटो आहाराने (पिष्टमय पदार्थ अगदी कमी, स्निग्ध जास्त) तो बरा होतो, असं अलीकडे बरंच वाचनात आलं. मला याच विषयात संशोधन करायचं आहे. आई म्हणते मानसशास्त्र घे, सर म्हणतात न्यूरोसायन्स. काय निवडू? आणि दादाला हा आहार सुरू करावा का?

उत्तर : आधी दादाचं, कारण ते थांबणारं नाही. स्वतःच्या मनाने आहार सुरू करू नका. कीटो आहाराच्या सुरुवातीला शरीरातून पाणी आणि मीठ बरंच बाहेर पडतं. सोडियम कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि त्याची रक्तातली पातळी चढते. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. गोळ्या बंद करायचा विचारसुद्धा नको. बायपोलरमध्ये या आहाराचे छोटे, प्राथमिक अभ्यास झालेत. उत्सुकता वाटावी असे आहेत, पण ‘बरा होतो’ म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

आता तुझं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली सुमारे २० टक्के तो एकटा खातो. तीही मोठ्या प्रमाणात संदेशवहनापायी खर्च होते : पेशीत शिरलेलं सोडियम पंप करून पुन्हा बाहेर काढायचं, पुढच्या संदेशाची तयारी ठेवायची. शिल्लक साठा नगण्य. त्यामुळे पुरवठा बिघडला की मेंदू आधी कुरकुरतो, हे खरंच. मात्र ‘म्हणून सगळे मानसिक आजार ऊर्जेचेच’ ही उडी मला पटत नाही.

काही ठिकाणी दुवा पक्का आहे. ग्लुकोज मेंदूत नेणारं ग्लुट-१ हे प्रथिन जन्मतः कमी पडलं तर लहान मुलांना फिट्स येतात; १९९१ साली या आजाराचं वर्णन झालं. तिथे कीटो आहार हाच मुख्य उपचार, कारण मेंदूला ग्लुकोजऐवजी कीटोन (चरबीपासून यकृतात बनणारं इंधन) वापरता येतात. पार्किन्सन्सबद्दलचा धडा अपघाताने मिळाला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त अमली पदार्थ टोचून घेतलेल्या काही तरुणांची शरीरं पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखी ताठरली. त्यातल्या एमपीटीपी या रसायनापासून मेंदूत जे विष तयार होतं, ते मायटोकॉन्ड्रियातल्या ‘कॉम्प्लेक्स वन’ या ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनसमूहावरच घाला घालतं. इथे कारण आधी, परिणाम नंतर, हे स्पष्ट दिसतं.

अल्झायमर्समध्ये मात्र गुंता आहे. पेट स्कॅनवर (कुठला भाग किती ग्लुकोज घेतो ते दाखवणाऱ्या तपासणीत) मेंदूचे ठरावीक भाग ग्लुकोज कमी घेताना दिसतात. पण ग्लुकोज कमी पडलं म्हणून पेशींमधले जोड तुटले, की जोडच तुटल्यामुळे मागणी घटली? बायपोलर आणि स्किझोफ्रेनियात तर आणखी पंचाईत. काही अभ्यासांत मेंदूत लॅक्टेट (ग्लुकोज वापरताना तयार होणारा पदार्थ) वाढलेलं आढळतं, पण रुग्णाची औषधं, झोप, धूम्रपान, सगळंच चयापचय हलवतं. व्हॅल्प्रोएट हे बायपोलरमधलं नेहमीचं औषध. पोल्ग जनुकात बिघाड असलेल्यांना ते यकृत निकामी करून जिवावर बेतू शकतं, आणि हा बिघाड मायटोकॉन्ड्रियाचाच. म्हणजे आकडा मोजताना आपण आजार मोजतोय की औषध, हेच आधी सोडवायला हवं. मला विचारशील तर या क्षेत्रात खरं काम इथेच आहे.

म्हणून पदवीच्या नावावरून ठरवू नकोस, मोजायचं काय आहे त्यावरून ठरव. रुग्णावर उपचार करायचे असतील तर वैद्यकीय शिक्षणाला पर्याय नाही आणि ती वाट लांब आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतलं ग्लुकोज वा लॅक्टेट बघायचं तर पेट आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपीकडे (एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजण्याच्या तंत्राकडे) जावं लागेल. तिथे भौतिकशास्त्र आणि गणित चांगलं लागतं. तुला पेशीच्या आत काय चाललंय ते बघायचंय, असं पत्रावरून वाटतं. मग जीवरसायनशास्त्र सोडायचं कशाला? त्यातच एम.एस्सी. कर, पुढे पीएच.डी. रुग्णाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी) आणि त्यांच्यापासून चेतापेशी वाढवतात, त्या किती ऑक्सिजन वापरतात ते मोजतात. सोबत संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शीक. न्यूरोसायन्सचा कोर्सही चालेल, पण त्या नावाखाली कुठे उंदरांचं वर्तन शिकवतात, कुठे निव्वळ संगणकी मॉडेल. अर्ज करण्याआधी प्रयोगशाळेचे अलीकडचे शोधनिबंध वाच आणि तिथल्या विद्यार्थ्यांना विचार, रोज हाताने नेमकं काय करता? उत्तर बहुधा ‘पेशींना खाऊ घालतो’ असं येईल. ते ऐकून कंटाळा आला, तर आत्ताच कळलेलं बरं.

एक कडू गोष्ट. दादासाठी या विषयाकडे वळलीस, यात काही गैर नाही. पण संशोधनातून औषध यायला दशकं जातात, कधी येतही नाही. त्याच्यासाठी बहीण म्हणून आज जे करता येईल ते पीएच.डी.वर टाकू नकोस.

आणि आईचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नकोस. मानसशास्त्राचा निदान एक कोर्स कर. मूडमधले चढउतार कशाने नोंदवतात हेच ठाऊक नसेल, तर लॅक्टेटचे आकडे कशाशी ताडून बघणार?