कोठाराचं जीत करायचंय? आधी शेजारच्या गोठ्यापासून अंतर मोजा

तुमच्या पोस्टमधलं "कोठाराचं नंतर बघू, एजंट म्हणतोय सहज होईल" हे वाक्य वाचलं आणि मला आमचं २०१७ साल आठवलं. तुमचंही सगळं तसंच: फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी, आव्हेरों जिल्ह्यात दगडी घर, अंगणापलीकडे मोठं कोठार, त्या कोठाराचं जीत करून उन्हाळ्यात भाड्याने द्यायचं म्हणजे कर्जाच्या हप्त्याला हातभार, आणि येत्या शुक्रवारी कॉंप्रोमीवर, म्हणजे खरेदीच्या आधीच्या करारावर, सही. खाली माझं नाव घातलं असतं तरी खपलं असतं. (जीत म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने देतात ते घर, बाकीच्यांसाठी सांगितलं. आमची मात्र त्यात हारच झाली.)

नोतेरचा (इथे खरेदीखत करणारा कायदेशीर अधिकारी) खर्च जुन्या घराला सात-आठ टक्के येतो, डीपीई (घर किती ऊर्जा खातं त्याचा दाखला), शिसं, ॲस्बेस्टॉस, वाळवी यांची फाईल विकणारा देतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच. सेप्टिक टँकबद्दल तुम्हाला वर तिघांनी लिहिलंय तेही बरोबर आहे: स्पांकचा, म्हणजे घरगुती सांडपाणी तपासणाऱ्या स्थानिक सेवेचा, अहवाल तीन वर्षांच्या आतला हवा, आणि टाकी नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर वर्षभरात दुरुस्ती तुमच्या गळ्यात. पण टाकीचा खर्च निदान आकड्यात मांडता येतो, तेवढा भाव पाडून मागता येतो. कोठाराचं तसं नाही. तिथे एकतर हो, नाहीतर नाही.

आमचं घर विलफ्रांश-द-रुएर्गच्या बाहेर, पाच उंबऱ्यांच्या वाडीत आहे. जाहिरातीत लिहिलं होतं: ग्रांज आमेनाजाब्ल, म्हणजे राहण्याजोगं करता येईल असं कोठार. बघायला गेलो जुलैत. खाली जुन्या गव्हाणी अजून तशाच, दगडात बसवलेल्या कड्या, वर गवत ठेवायचा माळा, आणि माळ्यावर थेट गाडी नेता येईल असा मागून मातीचा चढ. नवरा तिथेच हाताने भिंती दाखवायला लागला, इथे स्वयंपाकघर, इथे न्हाणीघर. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची एक लांब शेड होती. दारं उघडी, आत काळोख, एक ट्रॅक्टर. मी एजंटला विचारलंसुद्धा नाही ती कशाची.

ती शेड गोठा होता. जुलैत गाई कुरणात असतात. नोव्हेंबरात चाळीसेक गाई आत आल्या तेव्हा कळलं, तोवर कॉंप्रोमीवर सही होऊन दोन महिने झाले होते. तेव्हाही आम्हाला वाटलं, वासाचा प्रश्न आहे, पाहुणे सांभाळून घेतील. माझं माहेर कराडजवळचं, आमचा गोठा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, शेणाचा वास येतो म्हणून घर नाकारणारी मी नव्हे.

पण इथल्या ग्रामीण कायद्यात एक कलम आहे. गोठ्याला लोकांच्या घरांपासून जेवढं अंतर ठेवावं लागतं, तेवढंच अंतर उलट बाजूनेही लागू होतं: नवं घर बांधताना, किंवा कोठाराचं घर करताना, ते गोठ्यापासून तितकंच लांब हवं. छोट्या गोठ्याला आमच्याकडे ५० मीटर, मोठ्या नोंदणीकृत गोठ्याला १०० मीटर. आधीपासून असलेल्या घरात तुम्ही खुशाल राहा, त्याला कोणी हात लावत नाही. पण कोठार कागदावर घर नाही. आमचं कोठार गोठ्याच्या भिंतीपासून ४३ मीटर.

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "गोठा घराजवळ नको, हे तिथे सरकार ठरवतं?"

आता ज्या गोष्टीचा मला आजही राग येतो ती. आम्ही अगदीच डोळे मिटून सही केली असं नाही. ऑगस्टमध्ये बांधकाम परवानग्यांच्या फायली जिथे तपासल्या जातात त्या कार्यालयात आम्ही स्वतः गेलो होतो. कुठलं ते लिहीत नाही, आजही आमच्या फायली तिथेच जातात. आठवड्यातून दोन सकाळी उघडं, फोन उचलायची वेळ नऊ ते अकरा, आणि त्यातही उचलतील तर. खिडकीमागच्या बाईंनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला, आमच्या कोठारावर पेनचं टोक ठेवलं, थोडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तत्त्वतः काही अडचण दिसत नाही." आम्ही विचारलं, लेखी मिळेल का? "त्याची गरज नाही, परवानगीचा अर्ज कराल तेव्हा मिळेलच." तोच पेनचा नेम डावीकडे बोटभर सरकला असता तर गोठा दिसला असता.

आणि आम्ही दोघं इतके खूश की बाहेर येऊन चौकात आइस्क्रीम खाल्लं.

डिसेंबरात नोतेरकडे खरेदीखत झालं. वसंतात आधी कोठाराचं छप्पर धरलं, कारण एका बाजूच्या लोझ, म्हणजे ते जाड दगडी पत्रे, घसरायला लागले होते. "पाणी आत गेलं तर भिंती जातील, परवानगी काय, येईलच." छपराला १९,००० युरो. मग रीतसर अर्ज. काही महिन्यांनी नकाराचं पत्र, कारण एका परिच्छेदात: अंतर. शिवाय दुसरं कारण, जागा शेती विभागात येते आणि गावाच्या पीएलयूमध्ये, म्हणजे बांधकामाच्या आराखड्यात, वापर बदलता येणाऱ्या इमारतींची जी नोंद आहे तिच्यात आमचं कोठार नाही. म्हणजे गाई नसत्या तरी अडलंच असतं.

त्याच खिडकीशी परत गेलो. बाई त्याच. म्हणाल्या, "मादाम, तोंडी माहितीला काही किंमत नसते, लेखी विचारायला हवं होतं." मी मराठीत जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

कृषी मंडळाचं मत घेऊन अंतरात सूट मिळू शकते, त्याचाही प्रयत्न केला. पण शेजारी गोठा वाढवायच्या विचारात होता, मग सूट कोण देणार? आणि त्याचं चुकलं तरी काय? त्याचे आजोबा तिथे गुरं पाळत होते. उद्या आमच्याकडच्या पाहुण्याने तक्रार केली तर त्याचा धंदा अडचणीत. शहरातून आलेल्यांनी कोंबड्यावर खटला भरल्याचं ऐकलं असेलच, ओलेरों बेटावरचा मोरीस. २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा आहे असा कायदाच झाला. मला तो कायदा मनापासून पटतो. मला न पटलेली गोष्ट खिडकीमागची आहे.

तर तुमच्यासाठी. मी वकील नाही, नियम गावागणिक बदलतात, आणि माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा, तेव्हा प्रत्येक गोष्ट नोतेरला विचारून घ्या. पण मी तुमच्या जागी असते तर शुक्रवारच्या आत हे केलं असतं.

आज रात्रीच सरकारी नकाशांच्या साइटवर (जिओपोर्टेल किंवा cartes.gouv.fr) वरून घेतलेला फोटो उघडा. त्यात अंतर मोजायची सोय आहे. कोठाराच्या भिंतीपासून सगळ्यात जवळच्या शेडच्या भिंतीपर्यंत मोजा. शेड रिकामी दिसली तरी मोजा. शेणखताचा खड्डा आणि चाऱ्याची साठवण यांनाही अंतर लागू शकतं, तेही बघा. शेतकऱ्याला जाऊन थेट विचारा, गुरं किती, वाढवायचा विचार आहे का. हा प्रश्न विचारायला लाजू नका, इथे गुरांबद्दल विचारलं की माणूस खुलतो.

मग पीएलयूचा नकाशा पाहा, तोही ऑनलाइन मिळतो. तुमची जागा शेती किंवा निसर्ग विभागात येत असेल तर वापर बदलता येणाऱ्या इमारतींवर वेगळी खूण असते. ती नसेल तर एजंटच्या "सहज"ला काही अर्थ नाही.

तिसरं, सर्टिफिका द्युर्बानिझम, म्हणजे जागेवर काय करता येईल याचा सरकारी दाखला. दोन प्रकारचे असतात. एक नुसता माहितीचा, तो घेऊन बसू नका. दुसऱ्यात तुम्ही विचारता की या इमारतीचं जीत करू का, आणि ते लेखी उत्तर देतात. फुकट असतो, मालक नसलात तरी मागता येतो, दोन महिने लागतात आणि १८ महिने चालतो. शुक्रवारपर्यंत तो येणार नाही हे उघड आहे. म्हणून कॉंप्रोमीत अट घाला: उत्तर होकारार्थी आलं तरच खरेदी, नाहीतर व्यवहार रद्द आणि अनामत परत. एजंट तोंड वाकडं करेल, "दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणेल. म्हणू दे. विकणारा ही अट घ्यायला तयारच नसेल तर कोठाराचं काय होणार हे त्याला बहुतेक आधीच माहीत आहे. हे माझं मत, जरा कडू आहे, कबूल.

सही करून बसलातच तर १० दिवस हातात असतात. प्रत मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे, रजिस्टर्ड पत्राने माघार घ्यायची, कारण द्यावं लागत नाही. त्यानंतर अनामत धोक्यात.

आणि स्वतःचा वेगळा नोतेर घ्या. लोकांना वाटतं दुप्पट खर्च येईल, येत नाही, दोघं एकच फी वाटून घेतात. आमचा दोन्ही बाजूंचा एकच होता. माणूस वाईट नव्हता, पण तुम्हाला कोठाराचं काय करायचंय हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. खरेदीखतात स्वच्छ लिहिलं होतं: राहतं घर आणि शेतीची इमारत. प्रत्येक पानावर आद्याक्षरं करताना आम्ही ते वाचलंही होतं.

विषय सोडून थोडं, पण तुम्ही "रोजचं जगणं कसं असतं" असंही विचारलंय.

गाडीचं लायसन्स. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर वर्षभरच चालतं, नंतर इथलं काढावं लागतं, अदलाबदल होत नाही. तुलूझमध्ये मेट्रो आहे म्हणून टाळत असाल तर टाळू नका, वाडीत गाडीशिवाय पावसुद्धा मिळत नाही. लेखी परीक्षेत ४० पैकी ३५ हवेत, आणि प्रश्नांचं फ्रेंच हे बाजारातलं फ्रेंच नव्हे. माझा नवरा पहिल्या वेळी ३४ वर अडकला.

लाकूड वसंतात घ्या, थंडीत नाही. ऑक्टोबरात जे मिळतं ते ओलं असतं आणि पैसे वाळलेल्याचे घेतात. स्तेर म्हणजे रचलेलं एक घनमीटर, पण ओंडके किती सेंटीमीटरचे हवेत ते आधी ठरवा, नाहीतर चुलीत मावणार नाहीत. धुराडं साफ केल्याचा कागद जपून ठेवा, विमावाले मागतात.

दुपारी बारा ते दोन काहीही उघडं नसतं. सोमवारी पाववाला बंद, म्हणजे आमचा तरी. दुकानात शिरल्यावर आधी "बोंजूर", मग बाकीचं. मी पहिल्या महिन्यात थेट "दोन किलो बटाटे" म्हणायचे आणि लोक असे का बघतात ते कळायचं नाही. विलफ्रांशचा बाजार गुरुवारी. कोथिंबीर एकाच बाईंकडे मिळते, ती दहाच्या आत संपते. ल प्युईच्या हिरव्या मसुरीची आमटी झकास होते, पण तिचं वरण होत नाही, मी बराच प्रयत्न केलाय. गावजेवणात शाकाहारी काय खायचं असा प्रश्न पडला तर अलिगो घ्या, बटाटा आणि चीज घोटून केलेलं असतं, सॉसेज बाजूला वाढतात, ते नको म्हणायचं. रेनेटचा (चीज करताना घालतात ते वासराच्या जठरातलं विरजण) प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

कोठारात आमचे सध्या कांदे सुकतात, सायकली असतात आणि भाद्रपदात गणपती. छप्पर गळत नाही, १९,००० ला एवढं तरी. गेल्या वर्षी शेजारी आरतीला आला होता. मोदक दोन खाल्ले, तिसरा खिशात घातला, आणि मग विचारलं, या देवाच्या उत्सवाला गाई लागतात का, लागत असतील तर आहेत.

अंतर मोजलंत की किती मीटर आलं ते इथे लिहा. शुक्रवारच्या आत. आणि शक्य असेल तर फोटो टाका, शेड बघून सांगते.