डच आडनावाचा शोध: सुरुवात लग्नाच्या नोंदीपासून

आडनाव 'व्हॅन डेन बर्ग' आहे म्हणून लगेच मूळ गाव शोधायला धावू नका. माहीत असलेल्या आजोबा-पणजोबांपासून एकेक पिढी मागे जा.

पहिल्यांदा लग्नाची नोंद मिळवा. नेदरलँड्सच्या बहुतेक भागात १८११ पासून सरकारी नोंदणी आहे. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं तर माहेरच्या आडनावासकट. सोबतचे जोडकागद विसरू नका: वधूवरांच्या जन्माचे उतारे, वारलेल्या आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, नवऱ्याचा लष्करभरतीचा कागद. खरा खजिना तिथेच असतो! शोधायला 'वीवासवी' (WieWasWie) आणि 'ओपन आर्काइव्ह्ज' ही संकेतस्थळं सुरुवातीला पुरेत.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- नेदरलँड्सच्या याद्यांत 'व्हॅन डेन बर्ग' हे पुढचं 'व्हॅन डेन' सोडून 'बी'खाली सापडतं, अमेरिका-बेल्जियममध्ये 'व्ही'खाली.
- आडनाव एक म्हणजे घराणं एक, असं नाही. १६५० च्या सुमारास यान आर्टसन युट्रेक्टजवळच्या डे बिल्टहून न्यू नेदरलँड या उत्तर अमेरिकेतल्या डच वसाहतीत गेला आणि त्याचे वंशज पुढे व्हँडरबिल्ट झाले. पण डे बिल्ट सोडणारा तो काही एकटाच नव्हता.
- समुद्र ओलांडला की स्पेलिंग बदलतं. एकाच रूपावर अडून बसू नका.

१८११ मध्ये आडनाव सक्तीचं करणाऱ्या नेपोलियनची थट्टा म्हणून लोकांनी विचित्र आडनावं घेतली, ही कथा सोडून द्या. त्यातली बरीच १८११ च्या आधीच्या कागदांत आहेत.

चर्चच्या जुन्या वह्या आणि वडिलांच्या नावावरून पडणारी नावं सध्या बाजूला ठेवा. आधी १८११ पर्यंत पोचा, मग त्यांच्याकडे वळा.