निळगप्या टिकेल का?

प्रश्न : सर, मी रोज विट्याहून सांगलीला कॉलेजला येतो. मेसेज वाचून निळ्या टिका पडल्या तरी उत्तर न देणाऱ्याला आमच्या ग्रुपवर एकानं 'निळगप्या' म्हटलं. त्याचं मीम झालं आणि पंधरा दिवसांत शब्द कॉलेजभर झाला. परवा आईसुद्धा काकांना निळगप्या म्हणाली! असे पाडलेले शब्द टिकतात का, की मीमबरोबरच मरतात?
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : लेका, शब्द झकास आहे. मी आधी त्याला प्रत्यय लावून बघितले. निळगप्याला, निळगपी, निळगपे, सगळं बसतं. "मॅडम निळगपल्या" असं क्रियापदही होतंय. 'निळग्या' असा झिजला, तरी घाबरू नकोस. वापरातलं नाणंच झिजतं.

आता माझी फजिती ऐक. तरुणपणी मी सांगलीत एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. 'प्रूफ' या शब्दाचा मला भारी राग. मी 'तपासपत्र' असा शब्द काढला आणि भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवला. कंपोझिटर मान डोलवायचे आणि पोऱ्याला हाक मारायचे, "प्रूफं आण रं!" शब्द शुद्ध होता, पण त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

माझ्यापेक्षा फार मोठ्यांचीही अशीच गत झाली आहे. सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर असे किती शब्द दिले. दिनांक टिकला, कारण तो प्रत्येक फॉर्मवर छापला गेला. लिहिल्याशिवाय सुटकाच नाही. तरी लग्नाची 'तारीख'च काढतो आपण. कायद्याला त्यांनी 'निर्बंध' म्हटलं होतं. लोकांनी शब्द घेतला, अर्थ मात्र बंदीचा ठेवला. २०२० मध्ये रोज बातम्यांत 'निर्बंध शिथिल' ऐकलंस ना, तोच हा.

त्याही आधीचं उदाहरण. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, डबिराचा सुमंत, मुजुमदाराचा अमात्य. पुढं १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना मुख्य प्रधानाचं पद दिलं. साताऱ्याच्या गादीच्या या प्रधानांच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' आणि लोकांच्या तोंडी पेशवे! छत्रपतींचा हुकूम असूनही. आणि डबीर, मुजुमदार गेले कुठं? आडनावं होऊन बसलेत. मिरजेत एखाद्या दवाखान्याच्या पाटीवरही भेटतील. मेलेला शब्द असा दुसऱ्याच घरी नांदताना दिसतो, म्हणून मी कुठल्याच शब्दाचं सुतक लवकर धरत नाही.

उलट 'वडाप' बघ, म्हणजे आपली माणसं कोंबून नेणारी जीप. तू विट्याचा, तुला काय सांगायचं! पुढं चार, मागं दहा, एक पाय बाहेर. हा शब्द कुणी काढला, त्याचा पत्ता नाही, आणि त्यानं वडापचं काही अडलंही नाही. माझी नात पुण्यात हॉस्टेलवर म्हणाली, "स्टँडवरनं वडापनं जाते." मैत्रिणीनं विचारलं, "वडापाव घेऊन?" त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत शेअर रिक्षालाही वडाप म्हणतात. आता त्या मैत्रिणीनं आयुष्यात आपली जीप पाहिलेली नाही!

मीमचं म्हणशील, तर 'मीम' हा शब्दच मुळात पाडलेला. रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये तो काढला. अनुकरणाच्या अर्थाचा ग्रीक शब्द घेतला आणि 'जीन'शी यमक जुळावं म्हणून छाटला. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नकलेनं जाणारी कुठलीही गोष्ट, मग ती चाल असो, म्हण असो वा फॅशन, हा त्याचा अर्थ. आज तुम्ही पोरं मीम म्हणजे मजकूर चिकटवलेला फोटो समजता. त्यानं लावलेला अर्थ मागं पडला, शब्द मात्र जगभर हिंडतोय.

तेव्हा मीममुळं शब्द पसरतो हे खरं, पण फोटोला चिकटून राहिला तर फोटोबरोबरच शिळा होतो. आपल्याकडचं 'नाद खुळा' फोटोच्या जिवावर उभं नाही. कुस्तीला चालतं, तांबड्या रश्श्यालाही चालतं. तुमचा निळगप्या अजून व्हॉट्सॲपच्या दोन टिकांना बांधलेला आहे. उद्या कंपनीनं टिकांचा रंग बदलला, की यातलं 'निळं' कुठून आलं हे धाकट्या भावाला समजावून सांगावं लागेल. तरीही तो वापरत राहिला, तर शब्द जगला म्हणायचं.

आईचं लक्षण मात्र चांगलं आहे. तिच्यावर नजर ठेव. घरात आजोबा असतील आणि त्यांच्याकडं मोबाईल नसेल, तर एक दिवस ती "चहा घेणार का?" असं तीनदा विचारेल, ते ऐकूनही पेपरातून मान वर काढणार नाहीत, आणि ती वैतागून म्हणेल, "बसलाय बघ निळगप्या." तसं झालं की मला लगेच कळव. कार्डानं कळव, मी मेसेजला उत्तर देत नाही.