पाण्यावरची वेळ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सहा मित्रांना घेऊन तू अर्नाळ्याच्या बेटावर गेलास, उतरतानाच होडी चालवणाऱ्या तांडेलाने तीन वाजता काठावर यायला बजावले, तुम्ही पाच वाजता आलात, आणि आता तू विचारतोस की त्याला आणखी किती पैसे पाठवले म्हणजे मनाची टोचणी थांबेल आणि उशीर करणाऱ्या मित्रांशी पूर्वीसारखे वागावे की नाही. दोन्ही प्रश्न भलतीकडचे आहेत. पाण्यावर वेळ तांडेलाची असते. ती तू मित्रांच्या मताला टाकलीस, आणि ही गोष्ट तुझ्या चार पानांत कुठेच आलेली नाही.

त्या दिवशी अमावास्या होती असे तू लिहितोस, पण त्याचा अर्थ लावत नाहीस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या पोरालाही येतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर पाणी भरणार आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, साडेपाच-सहाच्या सुमारास, पुरते उतरणार. तुमचा तांडेल डोलकर आहे. ओहोटीच्या ओढीत डोलीच्या जाळ्यात मासळी भरते आणि पाणी थबकते तेवढ्या थोड्या वेळातच ते जाळे उचलावे लागते, कारण भरतीची उलटी ओढ लागली की आत आलेले बाहेर जाते. त्यातून अमावास्येचे उधाण, म्हणजे डोलकराची सुगी. तुम्हाला अलीकडे सोडून त्याला जाळ्यावर पोहोचायचे होते. तुम्ही मात्र, मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलेल्या त्या किल्ल्यात, बाजीरावांच्या शिलालेखाखाली फोटो काढत आणि अष्टकोनी तलावाच्या पायऱ्यांवर गाणी म्हणत बसलात, आणि तो होडीत बसून उतरणारे पाणी पाहत राहिला. तुम्ही देऊ केलेले जादा पाचशे रुपये त्याने घेतले नाहीत याचे तुला नवल वाटले. मला वाटले नाही.

लाय पाटलाची गोष्ट तू शाळेत ऐकली असशील. जंजिऱ्याच्या तटाला त्याने रात्री शिड्या लावल्या, मोरोपंतांची माणसे वेळेत आली नाहीत, उजाडू लागले तेव्हा शिड्या काढून त्याला परतावे लागले. महाराजांनी देऊ केलेली पालखी त्याने घेतली नाही आणि त्याला ‘पालखी’ नावाचे गलबत मिळाले, एवढा भाग आपण रंगवून सांगतो. मला मात्र तटाखाली अंधारात दुसऱ्यांची वाट पाहत थांबलेला तो कोळीच आठवतो.

तो आठवण्याचे कारण असे की मीही एकाला असाच थांबवला होता. १९८४ साली आम्ही आठ शिक्षक मुरूडहून पद्मदुर्गावर गेलो होतो. खालून म्हातारा तांडेल हाका मारत होता आणि मी ‘आलोच’ म्हणत तटाच्या माथ्यावरची, कमळाच्या पाकळ्यांसारखी ती दगडी चर्या न्याहाळत उभा होतो. पाणी उतरले, होडी खडकावर बसली, तळाची फळी फुटली. आम्ही तिथल्या तिथे वर्गणी काढली. त्याने ती न मोजता कनवटीला लावली आणि तो एक शब्दही बोलला नाही. पुढच्या वर्षी जाऊन भेटायचे असे मी ठरवले, आणि गेलो अकरा वर्षांनी. त्याच्या घरात दुसरेच बिऱ्हाड होते.

तेव्हापासून मी हट्टी झालो, असे लोक म्हणतात ते खरे आहे. सुवर्णदुर्गाला निघताना दोन मित्र हर्णैच्या बंदरावर चहाला रेंगाळले, तेव्हा पाण्यावर वेळ तांडेलाची, असे म्हणून मी होडी सोडायला सांगितली. त्यांपैकी एकाने पुढे मुलीच्या लग्नाला मला बोलावले नाही. वाईट वाटले, अजूनही वाटते. पण होडी सोडली ते योग्यच केले, आणि त्या लग्नाचा मुहूर्त काही त्याने कोणासाठी थांबवला नसेल.

मित्रांवर रागावू नकोस. त्यांना तिथी-पाणी कोणी शिकवलेले नाही. तुला मात्र ठाऊक होते; तू तीनदा सांगितलेस आणि चौथ्यांदा त्यांच्याबरोबर हसलास. ते हसणे मला खटकले. मात्र सात जणांत पत्र लिहावेसे तुलाच वाटले, हेही मी विसरलेलो नाही.

पैसे पाठवू नकोस. येत्या अष्टमीला भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस असतील, पाण्याला फारशी ओढ नसेल, तांडेल घरी जाळी शिवत बसलेला सापडेल. त्याच्यासमोर बस आणि त्या दिवशी काय गेले ते त्याच्या तोंडून ऐकून घे. मीही येतो. विरार स्थानकाबाहेर अर्नाळ्याच्या बसच्या रांगेत सकाळी सात वाजता उभा असेन, आणि त्यानंतर येणारी पहिली बस धरीन.