लायसन्स मिळतं हो, पण नंतर विमान उडवलं जातं का?

प्रश्न थोडक्यात असा होता की वय ४४, एडिसनला राहता, ग्रीन कार्ड आहे, लहानपणापासून विमानांचं वेड, आता हौस म्हणून प्रायव्हेट पायलट लायसन्स काढावं का, खर्च किती येतो, बायको नको म्हणतेय, आणि शेवटी जाता जाता विचारलंत की लायसन्स मिळाल्यावर लोक खरंच उडवतात की ते पाकिटात पडून राहतं. मी न्यू जर्सीतच गेली १४ वर्षं उडवतोय, सव्वासहाशे तास झालेत, नुसती हौस, त्यातून एक डॉलर कमावलेला नाही. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

वयाचं आधी उरकून टाकतो. जेआरडींनी १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण तोच प्रवास त्यांनी १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी परत केला. तेव्हा ४४ चं काही सांगू नका.

आता तुमचा तो शेवटचा प्रश्न, खरं तर तोच पहिला पाहिजे होता. सगळे विचारतात लायसन्सला किती पैसे लागतात. शिकताना उडवायचे कागदावर किमान ४० तास, पण ४० त झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही, ६० ते ७५ धरा, माझे ६८ झाले. आमच्या भागात सेसना १७२, म्हणजे शाळांमधलं नेहमीचं छोटं विमान, पेट्रोलसकट तासाला १८० ते २०० डॉलर, वर इन्स्ट्रक्टरचे ७०-८०, हेडसेट, परीक्षकाची फी, सगळं मिळून १८-२० हजार होतात. लोक हे कसेबसे जमवतात, चेकराइड म्हणजे शेवटची उडवायची परीक्षा पास होतात, फोटो टाकतात आणि खिसा रिकामा. मग महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा, मग बसलेला हात जातो, हात गेला की भीती वाटायला लागते, आणि एकदा भीती शिरली की बुकिंग कॅन्सल करायला जराशा वाऱ्याचं निमित्तही पुरतं. माझ्याबरोबर शिकलेल्या पाचांपैकी तिघं असेच गळाले, एकानेही ठरवून सोडलं नाही. म्हणून २० हजार साठले म्हणून सुरू करू नका, २८ साठले की करा. वरचे आठ लायसन्सनंतरच्या पहिल्या वर्षाचे, त्यात चाळीसेक तास होतात आणि ते ४० तास तुम्हाला पायलट करतात.

नियम म्हणतो मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली असली की दिवसा पॅसेंजर न्यायला तुम्ही मोकळे. मी पहिल्याच वर्षी सात आठवड्यांचा खंड पडलेला असताना, नियमात बसतंय ना मग काय, म्हणून मेव्हण्याला घेऊन गेलो. वारा आडवा, फार नाही, आठ-नऊ नॉट. टेकता टेकता विमान परत वर उचललं गेलं, मी दांडा पुढे ढकलला, ते आपटून अजून वर गेलं, तेव्हा कुठे शहाणपण सुचलं आणि फुल पॉवर देऊन परत चक्कर मारली. मेव्हण्याला वाटलं असंच असतं. माझे पाय मात्र पार्किंगला येईपर्यंत थरथरत होते. त्यानंतर माझा घरचा नियम असा की तीन आठवडे झाले की आधी एकटा जाऊन अर्धा तास लँडिंग करायची, आणि पाच झाले की इन्स्ट्रक्टर बरोबर घ्यायचा.

पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी. एक म्हणजे मेडिकल, पायलटची डॉक्टरी तपासणी. आधी मेडिकल, मग शाळा, उलटं नको. आणि झोपेचा त्रास, डिप्रेशनची गोळी, हार्टचं काही असं असेल तर ऑनलाइन फॉर्म भरायच्या आधीच विमानवाल्या डॉक्टरशी नुसतं बोलून घ्या, कारण एकदा मेडिकल नाकारलं गेलं की मेडिकलऐवजी नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर स्पोर्ट पायलट (हे खालच्या पायरीचं लायसन्स) व्हायचा सोपा रस्तासुद्धा बंद होतो. दुसरं, ग्रीन कार्ड असलं तरी तुम्ही सिटिझन नाही, त्यामुळे टीएसएची, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी सुरक्षा खात्याची, परवानगी आल्याशिवाय शाळा तुम्हाला शिकवू शकत नाही, ती प्रोसेस आधीच चालू करा.

आणि लायसन्स झालं की शाळेचं भाडं सोडून क्लब शोधा. आमच्यात १५ जण आणि दोन विमानं, महिन्याला ठरावीक वर्गणी, आणि तासाचा दर शाळेपेक्षा चाळीसेक डॉलरने कमी. शिवाय आम्ही टॅकवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरवर पैसे घेतो, इंजिन हळू फिरत असलं की मीटरही हळू पळतो, शाळेचा हॉब्स मीटर घड्याळासारखा असतो, धावपट्टीकडे जाताना रांगेत उभे असलात तरी चालूच. पण पैशापेक्षा मोठा फायदा हा की शनिवारी सकाळी तिथे कोणीतरी असतंच, आणि तुम्ही महिनाभर दिसला नाहीत तर फोन येतो.

नुसतं उडणं म्हणजे हौस नाही, हेही सांगून ठेवतो. डिसेंबरात सकाळी सात वाजता पंखाखाली वाकून बसायचं, पारदर्शक कपात टाकीच्या तळातलं पेट्रोल काढायचं, बोटं बधिर. पेट्रोल फिकट निळं असतं, कप आभाळासमोर धरून बघायचा, तळाशी पाणी असेल तर बिनरंगी थेंब मण्यासारखा वेगळा दिसतो. १४ वर्षांत मला तो दोनदा दिसला, दोन्ही वेळा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर. ज्यांना या अर्ध्या तासाचा कंटाळा येतो त्यांना पुढे सगळ्याचाच येतो असा माझा अनुभव आहे.

१७२ मध्ये चार सीट असतात, पण ते तीन माणसांचं विमान आहे. सासू-सासरे आले होते तेव्हाचं सांगतो. आमचं जुनं १७२एन, जास्तीत जास्त वजन २३०० पौंड, रिकामं १४८०, उरले ८२०. टाक्या भरल्या की ४० गॅलन, गॅलनला सहा पौंड, २४० गेले. आता सासूबाईंना वजन विचारा! बायकोने विचारलं, सासूबाईंनी दहा कमी करून सांगितलं, आम्ही गुपचूप हँगरमधल्या काट्यावर पर्सचं वजन करायचंय म्हणून पर्ससकट उभं केलं. चौघांचे मिळून ६३० भरले, म्हणजे ५० पौंड जास्त. मग पेट्रोल ३० गॅलनच ठेवलं, १८०, एकूण ८१०, उरल्या दहा पौंडात एक पिशवी आणि लाडवांचा डबा. तासाला साडेआठ गॅलन जळतं, आमचं फिरणं दीड तासाचं, त्यामुळे पेट्रोल कमी नव्हतं. पण हे गणित न करता निघालो असतो तर उकाड्याच्या दिवशी छोट्या धावपट्टीच्या टोकाची झाडं फार जवळून बघितली असती.

नेलं कुठे तर न्यूयॉर्कला लागून असलेल्या हडसन नदीवर. आपल्याकडच्या पायलटचं हे भाग्यच आहे. नदीवर १३०० फुटांच्या खाली एक पट्टा मोकळा ठेवलाय, तिथे कंट्रोलरशी बोलावं लागत नाही, सगळ्यांनी रेडिओवर १२३.०५ ला आपण कुठे आहोत ते आपापलं सांगायचं, वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू, आणि रस्त्यासारखं उजवीकडून जायचं, म्हणजे दक्षिणेला जाताना न्यू जर्सीच्या काठाने. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, इंट्रेपिड ही म्युझियम केलेली युद्धनौका, पुढे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, प्रत्येक खुणेला पुकारा करायचा. इमारती तुमच्यापेक्षा उंच असतात हो! सासरे पुतळा येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. २००९ मध्ये याच नदीवर एक छोटं विमान आणि हेलिकॉप्टर आदळून नऊ जण गेले, त्यानंतर हे नियम कडक झाले, तेव्हा पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरबरोबरच जा.

आता वहिनींचं. त्यांना कारपेक्षा सेफ वगैरे सांगू नका, ते खरं नाही. एअरलाइनचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत, जाणकार तुलना मोटारसायकलशी करतात. टर्म इन्शुरन्सवाल्यालाही आधी विचारा, फॉर्मवर तो प्रश्न असतोच. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर १९९९ मध्ये आपल्या इथल्या कॉल्डवेल विमानतळावरूनच स्वतः विमान घेऊन निघाला होता, रात्र, समुद्र, धुरकट हवा, क्षितिज दिसेना, विमान कुठे कललंय ते कळेना, विमानातले तिघंही गेले. त्याच्याकडे विमान चांगलं होतं. पण त्या संध्याकाळी राहू दे म्हटलं असतं तर?

आम्ही एकदा न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला केप मे इथे विमानांचं म्युझियम बघायला गेलो, जुन्या नेव्हीच्या हँगरमध्ये आहे, छान आहे. जेवून परत येतो तर समुद्रावरून धुकं सरकत आलेलं, धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ऑफिसात मीटिंग. तासभर थांबलो, मग विमान बांधून ठेवलं, भाड्याची गाडी केली, अडीच तास गाडी हाकत घरी आलो, मंगळवारी मित्राबरोबर जाऊन विमान आणलं. दोनशे-अडीचशेचा फटका आणि क्लबात थट्टा वेगळी. पण आमची ही त्या दिवसापासून निर्धास्त झाली. माझं लँडिंग बघून कधी झाली नव्हती.

हो, एक राहिलंच, मित्र म्हणतील आम्ही पैसे देतो तू ने. पेट्रोल, तेल, भाडं, विमानतळाची फी एवढंच वाटून घेता येतं आणि तुमचा वाटा निदान सारखा हवा, चौघं असाल तर चौथाई तुमची. मंडळाच्या पिकनिकला माणशी ५० डॉलर घेऊन चकरा मारणं बेकायदा आहे, मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

मेडिकलचं आणि टीएसएचं काय झालं ते इथेच कळवा. तोवर एखाद्या शनिवारी साडेसातला आमच्या हँगरवर या, वहिनींनाही आणा, मागच्या सीटवर जागा आहे. जाड जॅकेट घाला, हीटर विमानात आहे, हँगरमध्ये नाही. आणि वजन खरं सांगा.