आयपीस दोन हजारांचा की पन्नास हजारांचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सरला की गच्च्या उघडतात आणि दुर्बिणी बाहेर निघतात. या वेळी नाशिक परिसरातून आलेली बहुतेक पत्रे आयपीसबद्दलच, म्हणजे दुर्बिणीला डोळ्याच्या बाजूने लावायच्या बदलत्या भिंगसंचाबद्दलच आहेत. म्हणून हे सदर सगळे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी फोकल लेंथची (नाभीय अंतराची) न्यूटोनियन, म्हणजे आरशांची दुर्बीण आहे. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस मिळाले. गच्चीवरून गुरू, शनी, चंद्र पाहतो. परदेशी बनावटीचा महागडा आयपीस घेतला तर किती फरक पडेल? (गंगापूर रोड)

आधी हिशेब करू. ६५० ला आयपीसच्या फोकल लेंथने भागले की वर्धन मिळते. तुमच्या २५ मिमीने ते २६ पट होते आणि १० मिमीने ६५ पट. गुरूचे पट्टे आणि शनीचे कडे नीट उलगडायला शंभराच्या पुढे जावे लागते. म्हणजे तुमच्या संचात ५ ते ६ मिमीचा आयपीस नाही, ही खरी उणीव आहे, आणि ती भरायला पन्नास हजार लागत नाहीत.

मधोमध ठेवलेला गुरू चांगल्या साध्या प्लॉसलमधून आणि टेलिव्ह्यू किंवा पेंटॅक्सच्या उंची आयपीसमधून जवळजवळ सारखाच दिसतो. प्लॉसल ही चार भिंगांची रचना व्हिएन्नाच्या गेऑर्ग प्लॉसल यांनी १८६० मध्ये केली. अर्न्स्ट आबे यांची ऑर्थोस्कोपिक १८८० ची, तीही चारच भिंगांची. दृश्याच्या मध्यावर या जुन्या रचना आजही कोणाला हार जात नाहीत. जास्तीचे पैसे मोजतो ते दृश्याच्या कडेसाठी, रुंदीसाठी, डोळा आरामात टेकवता यावा म्हणून, आणि आतल्या काळ्या रंगासाठी व लेपासाठी.

कडेचा मुद्दा तुमच्या दुर्बिणीला फार लागू आहे. ६५० भागिले १३० म्हणजे तिचा फोकल रेशो एफ/५. अशा दुर्बिणीतून किरण आयपीसमध्ये तिरके, मोठ्या कोनात शिरतात आणि स्वस्त रुंद आयपीसला ते कडेपर्यंत सांभाळता येत नाहीत. बाजारात सोनेरी कड्याचे, ६६ अंशी (म्हणजे दिसणारे वर्तुळ डोळ्याला ६६ अंश रुंद भासते असे), ६, ९, १५ आणि २० मिमीचे आयपीस मिळतात. त्यांतले ६ आणि ९ मिमीचे एफ/५ ला चांगले चालतात, कारण त्यांच्या पुढच्या टोकाला अंतर्गोल भिंगांचा गट असतो आणि तो किरणांचा कोन कमी करतो. १५ आणि २० मध्ये मात्र मध्यापासून थोडे दूर गेले की तारे पसरू लागतात आणि कडेला पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसतात. हेच आयपीस एफ/१० च्या दुर्बिणीला लावले तर तक्रारीला फारशी जागा राहत नाही. म्हणून कोणी एखाद्या आयपीसची तारीफ केली की आधी विचारायचे, तुमची दुर्बीण एफ/किती?

रुंदीचा फायदा मोटर नसलेल्या स्टँडवर कळतो. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते. तुमच्या दुर्बिणीत ६ मिमीच्या ५० अंशी प्लॉसलमधून ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे पावणेदोन मिनिटे घेईल, ६६ अंशी आयपीसमधून जवळजवळ अडीच. घरातली चार माणसे रांगेत उभी असतील तर हा अर्ध्या मिनिटाहून जास्तीचा वेळ मोलाचा आहे. ८२ अंशी आयपीस अल नॅग्लर यांनी टेलिव्ह्यूतर्फे आणले. त्याआधी ते अपोलो चांद्रयानाच्या सरावयंत्रासाठी रुंद दृश्याची प्रकाशयंत्रणा रचत होते. कडेपर्यंत टाचणीच्या टोकासारखे तारे ही त्यांची कमाई आहे, आणि ज्याने ते दृश्य एकदा पाहिले त्याला त्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पण ती किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते. शिवाय यांतले मोठे आयपीस किलोच्या आसपास वजनाचे असतात. तुमच्या नळीवर असा आयपीस बसवला की तिचा तोल जाईल आणि दुर्बीण आपोआप खाली झुकेल.

आता शहरातल्या आकाशाबद्दल. ३२ मिमीचा प्लॉसल आणि २४ मिमीचा ६८ अंशी आयपीस, दोन्हींतून तुम्हाला आकाशाचा सारखाच, २.४ अंशांचा तुकडा दिसेल. आयपीसच्या सव्वा इंची नळकांड्यात याहून जास्त मावत नाही. पण आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ३२ मध्ये ६.४ मिमी जाड असतो, २४ मध्ये ४.८ मिमी. झोत बारीक झाला की आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते. इथे ती निम्म्याहून किंचित जास्त एवढीच उजळ उरते. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या दिव्यांखाली कृत्तिका किंवा ययातीमधला जोडगुच्छ पाहताना २४ मिमीसाठी दिलेले जास्तीचे पैसे डोळ्यांना दिसतात. पेठ, हरसूलकडच्या अंधारात ३२ मिमीचा प्लॉसल तेवढ्याच समाधानाने वापरता येतो.

खरेदीचा आमचा क्रम असा. आधी ६ मिमीचा ६६ अंशी स्वस्त आयपीस घ्या. तो १०८ पट देतो. मग आरशांची जुळणी तपासायला कोलिमेशन कॅप किंवा चेशायर घ्या, कारण एफ/५ ला जुळणी जराशी हलली तरी सर्वांत महाग आयपीसही गुरूला धूसरच दाखवतो. त्यानंतर २४ मिमी. या तिन्हींचा वर्षभर वापर झाल्यावरच उंची आयपीसचा विचार करा. आणि कोणताही आयपीस गच्चीची हवा सुधारत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत असतो, पत्र्याचे छत त्याहून वाईट. दुर्बीण पाऊण तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या, शेजारच्या छतावरून दिसणारा ग्रह वर चढेपर्यंत थांबा, आणि जमलेच तर पहाटे पाहा.

प्रश्न : ७६/७०० दुर्बिणीबरोबर एसआर ४ मिमीचा आयपीस आणि ३ पट बार्लो (वर्धन वाढवणारे जोडभिंग) मिळाली. खोक्यावर ५२५ पट लिहिले आहे. प्रत्यक्षात काळोखाशिवाय काही दिसत नाही. (पंचवटी)

७०० भागिले ४ गुणिले ३ असा तो आकडा काढला आहे. गणित बरोबर, पण ७६ मिमीच्या आरशाला जास्तीत जास्त १५० पट झेपतात. बार्लो बाजूला ठेवा. एसआर म्हणजे रॅम्सडेन रचना. तिच्यात डोळा काचेला जवळजवळ चिकटवावा लागतो आणि दृश्य अरुंद असते. खरेदीआधी आयपीसच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास मोजा. तो ३१.७ मिमी असेल तर १० मिमीचा साधा प्लॉसल घ्या, ७० पटींत शनीचे कडे स्वच्छ दिसेल. २४.५ मिमी निघाला तर त्या मापाचे चांगले आयपीस आता सहज मिळत नाहीत, अडॅप्टर लागेल.

प्रश्न : मला चष्मा आहे. चष्म्यासह पाहिले तर दृश्याची फक्त मधली चकती दिसते. चष्मा काढावा का? (इंदिरानगर)

नंबर फक्त जवळचा किंवा लांबचा असेल तर खुशाल काढा, फोकसची खुंटी तो फरक भरून काढते. सिलिंड्रिकल नंबर असेल तर कमी वर्धनात चष्मा लागतो. आयपीसमधला झोत दोनेक मिमीहून बारीक झाला की सौम्य सिलिंड्रिकल नंबर फारसा जाणवत नाही. तो झोत मोजायला आयपीसची फोकल लेंथ दुर्बिणीच्या एफ-आकड्याने भागा.

दोष डोळ्याचा की काचेचा, हे ठरवायला २५ मिमीच्या आयपीसमधून एखादा ठळक तारा मधोमध धरा आणि मान तिरकी करा. ताऱ्याला फुटलेले काटे मानेबरोबर फिरले तर दोष डोळ्याचा. मान स्थिर ठेवून आयपीस फिरवल्यावर काटे फिरले तर आयपीसचा.

चष्म्यासह पूर्ण दृश्य दिसायला काचेपासून डोळ्यापर्यंत १५ ते २० मिमी जागा लागते. याला आय रिलीफ म्हणतात. प्लॉसलमध्ये ती फोकल लेंथच्या पाऊणपट असते, म्हणून ६ मिमीमध्ये जेमतेम साडेचार उरते. इथे पैसे खर्च करणे आम्हाला पूर्ण योग्य वाटते. मधल्या किमतीत सेलेस्ट्रॉनच्या एक्स-सेल एलएक्स मालिकेत १६ मिमी मिळतात. पेंटॅक्स एक्सडब्ल्यू आणि टेलिव्ह्यू डिलाइटमध्ये, अगदी कमी फोकल लेंथलाही, २० मिमी. रोज चष्म्याने पाहणाऱ्याने कडेच्या तीक्ष्णतेआधी हा आकडा बघावा.

प्रश्न : दोन आयपीस समोर आहेत, एक स्वस्त, एक मित्राचा महागडा. तुलना कशी करायची? कडेला तारे फाटलेले दिसतात, ते आयपीसमुळे की आरशामुळे? (सिडको)

दोन्हींची फोकल लेंथ सारखी किंवा जवळपास असू द्या, नाहीतर वर्धनातला फरकच गुणवत्ता समजून बसाल. दोन्ही एकाच दुर्बिणीवर, एकाच रात्री, आलटून पालटून लावा. ताऱ्यावर मध्यभागी फोकस करा आणि तो हळूहळू कडेला न्या. कडेला पुन्हा फोकस केल्यावर तो टिंबासारखा झाला तर दृश्य वक्र आहे, बाकी काही नाही. तरुण डोळे ते आपोआप सावरून घेतात. फोकसच्या एका बाजूला तारा आडवी रेघ आणि दुसऱ्या बाजूला उभी रेघ होत असेल तर तो ॲस्टिग्मॅटिझम, आणि तो बहुधा आयपीसचा. ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी असून ती बाहेरच्या दिशेला असेल तर तो कोमा, आणि तो मुख्य आरशाचा. आयपीस कितीही भारी आणला तरी कोमा जात नाही. उलट चांगल्या रुंद आयपीसमध्ये तोच जास्त उठून दिसतो.

मग गुरू मधोमध आणा आणि किंचित हलवा. त्याच्या उलट दिशेने सरकणारा फिकट डाग दिसला तर ते आतल्या परावर्तनाचे भूत. चंद्राची कड दृश्याच्या अगदी बाहेर ठेवा. आत धुरकट उजेड पसरला तर नळीचे किंवा भिंगांच्या कडांचे काळे रंगकाम कच्चे आहे. स्वस्त आणि महाग यांतला फरक इथे अनेकदा सर्वांत स्पष्ट दिसतो.

विक्रेत्याने सांगितलेला दृश्यकोनही तपासता येतो. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. मोटर बंद ठेवून तो दृश्याच्या मध्यातून कडेपासून कडेपर्यंत जायला किती मिनिटे लागतात ते मोजा आणि चारने भागा. उत्तर आकाशातल्या अंशांत येईल. त्याला वर्धनाने गुणले की दृश्यकोन साधारण कळतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर आयपीसच्या आत जाळ्यासारखे धागे दिसतात. उघडून पुसू का? (सातपूर)

ती बुरशी आहे. भिंग बाहेरच्या बाजूचे असेल तर आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून मध्यापासून बाहेर फिरवा. थेंब काचेवर थेट टाकू नका, तो कडेने आत उतरतो. प्रत्येक वेळी नवी काडी घ्या, सदऱ्याचे टोक अजिबात वापरू नका. आतल्या भिंगांवर असेल तर प्लॉसल जपून उघडता येतो, पण भिंगांचा क्रम आणि कोणती बाजू वर होती हे प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून नोंदवा. सहा-सात भिंगांचा महागडा आयपीस घरी उघडू नका. बुरशीच्या आम्लाने लेप खाल्ला असेल तर पुसल्यावरही ठसा राहतो. म्हणून लवकर पाहा.

साठवणुकीसाठी आयपीस कापडी किंवा चामडी पिशवीतून बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवून पुन्हा वापरा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून प्रत्येक आयपीस दिव्यासमोर धरून बघा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गच्चीवरून आत आणताना आधी झाकणे लावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर धरलेले दव डब्यात कोंडले जाते.

प्रश्न : ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशांची दुर्बीण) आहे, फोकल लेंथ १२०० मिमी. ८-२४ झूम आयपीस घेऊन बाकी सगळे टाळता येईल का? (सिन्नर)

ग्रह आणि जोडताऱ्यांसाठी हो, बऱ्याच अंशी. ५० ते १५० पटींमध्ये हवा किती साथ देते ते मुठीने फिरवत शोधता येते. पण २४ मिमीला झूमचा दृश्यकोन ४० ते ४५ अंशांपर्यंत आकसतो, म्हणजे जिथे रुंदी हवी तिथेच ती मिळत नाही. देवयानी दीर्घिकेसाठी आणि वस्तू शोधण्यासाठी दोन इंची, ३० मिमीच्या आसपासचा एक रुंद आयपीस सोबत ठेवा. नाशिकहून नरतुरंगातला ओमेगा गुच्छ दक्षिणेला जेमतेम साडेबावीस अंश चढतो. एप्रिल-मेच्या रात्री तो शोधायला रुंद आयपीस लावा, सापडला की झूम १२ मिमीच्या आसपास आणा.